चेंडू हवेत आहे तोवर बोला: रग्बीतल्या किकवर भांडायची रीत

२०२३ची गोष्ट. नवरात्रातली सातवी माळ. गरबा आटोपून आम्ही बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पायांत गोळे आले होते, चणियाच्या घेरात मैदानाची धूळ होती, आणि काका दिवाणावर टक्क जागे. साडेबाराला पॅरिसमध्ये रग्बी विश्वचषकाची उपांत्य लढत सुरू होणार होती, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. माझा भाचा लेस्टरला नोकरी करतो. तो फोनच्या स्पीकरवर. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता, आणि इंग्लंडवाले चेंडू हातात आला रे आला की आकाशात उडवत होते.

“आत्या, बघवत नाही हे,” भाचा म्हणाला. “आमचा कोच भित्रा आहे.”

“भित्रा कसला?” काका म्हणाले. “ओला चेंडू आपल्या हातातून सुटण्यापेक्षा त्यांच्या हातातून सुटू दे, एवढाच हिशोब आहे.”

एकोणसत्तराव्या मिनिटाला इंग्लंड १५-६ पुढे होतं. मी जाहीर केलं, “संपली मॅच,” आणि जाऊन झोपले. सकाळी चहाला काका काही बोलले नाहीत, नुसते मिशीत हसले. आफ्रिका १६-१५ने जिंकली होती. स्नायमनचा ट्राय (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवणं), आणि मग शेवटच्या तीन मिनिटांत पोलार्डने जवळपास ५० मीटरवरून मारलेली पेनल्टी, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली, खांबांमधून मारायची किक. भाच्याने लगेच वाक्य फिरवलं: “बघितलंत? मी म्हणतच होतो, किक मारून हरलो.” पण तीच पेनल्टी वाऱ्याने दोन हात बाजूला गेली असती, तर हाच मुलगा त्याच कोचला धोरणी म्हणाला असता.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे. किकबद्दल जे काही म्हणायचं ते चेंडू हवेत असतानाच म्हणायचं. खाली पडल्यावर सगळेच शहाणे असतात. हा नियम पाळायचा तर थोडी तयारी लागते. दोन-तीन वर्षांत आम्ही ती कशी बसवली, ते सांगते.

आधी संघाची यादी वाचा

सामन्याच्या एक-दोन दिवस आधी तेवीस नावांची यादी जाहीर होते. बहुतेक जण आपला लाडका खेळाडू आहे की नाही एवढं बघतात आणि तिथेच भांडण सुरू करतात. तसं करू नका. यादी आकड्यांवरून वाचा. १ ते ८ हे फॉरवर्ड, म्हणजे धक्का देणारे, अंगाने दणकट. ९ ते १५ हे बॅक, म्हणजे पळणारे. किकची सूत्रं मुख्यतः तिघांकडे असतात: ९, १० आणि १५. या तिघांत कोणी डावखोऱ्या पायाचा आहे का ते बघा. असेल तर मैदानाच्या दोन्ही बाजूंनी चेंडू सोयीने बाहेर काढता येतो. नसेल तर एका बाजूला अडचण होणार, हे तुम्ही सामन्याआधीच छातीठोक सांगू शकता.

मग १६ ते २३ हे राखीव. यातले तिघे पुढच्या फळीचे, म्हणजे स्क्रमच्या (दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांत गुंतून रेटतात त्याच्या) पहिल्या ओळीत उभे राहू शकणारे असावेच लागतात. उरलेल्या पाचांत कोचचा स्वभाव दिसतो. रूढ विभागणी पाच फॉरवर्ड, तीन बॅक अशी. सहा-दोन म्हणजे कोचला शेवटच्या अर्ध्या तासात ताज्या दमाचे पैलवान आत सोडायचे आहेत. सात-एक म्हणजे जुगार. २०२३च्या अंतिम सामन्यात आफ्रिकेने हा जुगार खेळला. राखीव बॅक एकच, राखीव ९ नंबर नाही, आणि हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीतला मधला गडी, या जागेचा खरा खेळाडू अख्ख्या संघात एकच. त्याच्या आधी दुसरा हुकर मार्क्स जायबंदी होऊन घरी गेला, तेव्हा त्याच्या बदली त्यांनी हुकर न बोलावता किक मारणारा पोलार्ड बोलावला होता. अंतिम सामन्यात सुरुवातीच्या मिनिटांतच एम्बोनाम्बी दुखापतीने बाहेर गेला आणि फोरी नावाचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड), जो पूर्वी कधीकाळी हुकर खेळला होता, तो जवळजवळ सगळा सामना ती जागा सांभाळत राहिला. त्यांची लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन संघांच्या ओळींमध्ये आत टाकणं, डळमळली; तो सहसा हुकरच टाकतो. पण न्यूझीलंडविरुद्धचे आफ्रिकेचे सगळे १२ गुण पोलार्डच्या बुटातून आले, आणि सामना सुटला १२-११ वर.

आता सांगा, निवड बरोबर की चूक? बडोद्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. हार्दिक संघात नसला की एक गोलंदाज वाढवायचा की एक फलंदाज, यावर आमच्याकडे सेव-उसळीच्या गाडीवर तासन्‌तास खल होतो. फोरी हा त्या अर्थाने आफ्रिकेचा जुगाड होता.

निवडीच्या वादासाठी आमच्या घरात एकच अट आहे: अमुक खेळायला हवा होता असं म्हणायचं असेल, तर त्याच दमात बाहेर कोण ते नाव घ्यायचं. भाचा वर्षभर म्हणत होता, मार्कस स्मिथला १० नंबरवर खेळवा, तो नाचवतो. मग फोर्डचं काय? मग फॅरेलचं काय? तिथे गाडी अडायची. २०२५च्या फेब्रुवारीत फ्रान्सविरुद्ध कोच बोर्थविकने फिन स्मिथला १० वर आणलं आणि मार्कसला मागे १५ वर नेलं. इंग्लंड २६-२५ जिंकलं. भाचा दोन दिवस गप्प होता. त्याच्या यादीत हा पर्यायच नव्हता.

किकचे प्रकार, आणि आमची मोजण्याची रीत

यात वेळ घाला. बहुतेक भांडणं सगळ्या किक एकाच मापाने तोलल्यामुळे होतात.

बाहेर काढलेली किक सगळ्यांना दिसते. तिचा नियम असा: स्वतःच्या २२ मीटर रेषेच्या (आपल्या टोकाच्या रेषेपासून २२ मीटरवरची) आतून मारलेला चेंडू थेट बाहेर गेला, तर तो जिथे रेषा ओलांडतो तिथे लाइनआउट होते, म्हणजे तेवढी जमीन मिळाली. २२च्या बाहेरून थेट बाहेर मारलात, तर लाइनआउट किक जिथून मारली त्या जागेच्या समोर. काहीच कमावलं नाही. दोन्ही वेळी चेंडू आत टाकण्याचा हक्क सहसा समोरच्याचा. पेनल्टी मिळाली असेल तर मात्र बाहेर मारूनही चेंडू तुमचाच.

२०२१पासून यात एक गंमत आली, तिला ५०-२२ म्हणतात. स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला चेंडू एक टप्पा खाऊन समोरच्यांच्या २२च्या आतून बाहेर गेला, तर लाइनआउट मारणाऱ्यांची. अट अशी की चेंडू तुम्हीच मागे पास करून किंवा पळवत आपल्या अर्ध्यात आणलेला नको. अशी किक सामन्यात क्वचितच साधते. पण तिच्या भीतीने बचाव करणाऱ्यांना कडेचे दोन गडी मागे ठेवावे लागतात, आणि मग पुढच्या फळीत पळायला जागा होते. म्हणून न मारलेल्या किकचाही उपयोग असतो, हे भाच्याला पटवायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

आता ती बदनाम उंच किक. ९ नंबरचा गडी रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर दोन्हीकडच्यांनी उभ्याने केलेल्या रेटारेटीच्या, मागे उभा राहून मारतो ती. तुम्ही पाहिलं असेल, त्याआधी फॉरवर्ड रकच्या मागे एकामागे एक चिकटत जातात, आगगाडीला डबे जोडावेत तसे. लांबी वाढली की समोरच्याला हात लांबवून किक अडवता येत नाही. रेफरी “यूज इट” ओरडतो आणि तिथून पाच सेकंद. शेजारचे भाई या वेळी हमखास उठून पाणी प्यायला जातात.

ही किक चांगली की वाईट, हे ती किती लांब गेली यावर ठरत नाही. ती किती वेळ वर राहिली आणि तिच्यामागे कोण धावलं यावर ठरतं. काकांनी यावर देशी उपाय काढला. ते तरुणपणी हुतुतू खेळलेले. याच गावातल्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे नियम छापले, हे ते आल्यागेल्याला सांगतात. किक सुटली की ते दम धरून मोजतात: एक हजार एक, एक हजार दोन. चारपर्यंत पोचले तर किक चांगली. हिशोब सोपा आहे. मागून धावणारा सेकंदाला सात मीटर पळतो असं धरलं, तर चार सेकंदांत अठ्ठावीस मीटर. चेंडू पंचवीस मीटरवर पडणार असेल तर झेल घेणारा आणि धावणारा एकाच वेळी उडी मारतील, म्हणजे कुस्ती बरोबरीची. तीन सेकंदच हवेत राहिली तर एकवीस मीटर. झेलणारा निवांत झेलतो आणि उलट पळत सुटतो. तेव्हा “किक मारली” म्हणून ओरडण्यापेक्षा “तीनच आले, काका” म्हणून ओरडा. त्यात दोष कुणाचा ते कळतं: पायाचा, की उशिरा सुटलेल्या विंगरचा, म्हणजे कडेच्या पळणाऱ्या गड्याचा.

यासाठी एक सवय लावावी लागते, आणि ती अवघड आहे. चेंडूकडे बघायचं नाही. कॅमेरा चेंडूच्या मागे वर जातो, तेव्हा पडद्याच्या खालच्या कडेला डोळा ठेवायचा. धावणारे किती आहेत, एका रेषेत आहेत की विस्कळीत, ते तिथे क्षणभर दिसतं. मला हे जमायला सहा-सात सामने लागले.

आता कोचला भित्रा म्हणण्याआधी नियमांचा इतिहास बघा. २०२४च्या जुलैपर्यंत एक पळवाट होती. किकच्या पुढे राहिलेले गडी जागच्या जागी उभे राहायचे, आणि झेलणारा पाच मीटर पळाला किंवा त्याने पास दिला की ते आपोआप ऑनसाइड, म्हणजे पुन्हा खेळात भाग घ्यायला मोकळे, व्हायचे. त्यामुळे दोन्ही संघ मैदानाच्या दोन टोकांना बसून टेबल टेनिस खेळल्यासारखे लांब लांब किक मारत. फ्रान्सच्या ड्युपाँने ही पळवाट इतकी वापरली की तिला त्याचंच नाव पडलं. ती बंद झाली. आता पुढच्यांना मागे सरकावंच लागतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रेफरींना सांगितलं गेलं की झेल घेणाऱ्याभोवती त्याच्या साथीदारांनी भिंत करून धावणाऱ्याची वाट अडवू नये, तसं केल्यास शिक्षा करा. भिंत गेली, आणि उंच किकमागे धावणाऱ्याला सरळ रस्ता मिळाला. मग कोणताही हिशोबी कोच उंच किक वाढवणारच. भाच्याचा राग कोचवर होता. तो नियम लिहिणाऱ्यांवर असता तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

वही

वाण्याकडची लांबट वही घ्या, उभ्या रेघा मारा. आमच्याकडे पाच रकाने आहेत: मिनिट, जागा, किक मारणारा, पुढे चेंडू कुणाला, आणि अर्ध्या मिनिटानंतर काय स्थिती. जागेसाठी आम्ही मैदानाचे चार तुकडे केले आहेत: आपली २२, तिथून मध्यरेषा, मध्यरेषेपासून त्यांची २२, आणि त्यांची २२. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उंच किक समोरच्याने झेलली, म्हणून चौथ्या रकान्यात “ते” लिहिलं. पण झेलल्या जागीच तो आडवा झाला, त्याने चेंडू सोडला नाही, पेनल्टी आपल्याला मिळाली, तर पाचव्यात “आपण, २० मीटर पुढे”. ही किक वाया गेली असं कुणी म्हटलं की वही पुढे सरकवायची. पहिल्या सामन्यात सगळं टिपता येणार नाही. एकाच संघाच्या किक टिपा.

तीन गुण घ्यायचे की कोपरा?

पेनल्टी मिळाली की घराघरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो खांबांमधून मारा, ३ गुण घ्या. दुसरा म्हणतो कोपऱ्यात बाहेर काढा, लाइनआउट घ्या, ट्राय करा. ट्रायचे ५ आणि ट्रायनंतर मिळणारी वरची किक साधली तर आणखी २. यावर मी एकदा चिवड्याच्या पुडक्याच्या पाठीवर हिशोब मांडला, तो आजही चालतो. समजा तुमचा किकर या जागेवरून दहात आठ वेळा साधतो, आणि ट्रायनंतरची किक दहात सात वेळा. तर एका पेनल्टीची किंमत २.४ गुण आणि एका ट्रायची ६.४. आठ पेनल्टींना खांब निवडला तर १९.२, तीन ट्राय झाल्या तर तेही १९.२. म्हणजे कोपरा आठात तीन वेळा ट्राय देत असेल तर दोन्ही सारखंच. त्याहून जास्त देत असेल तर कोपरा, कमी तर खांब. शेवटची मिनिटं असतील आणि तुम्ही दोन गुणांनी मागे असाल तर हिशोब गुंडाळून ठेवा आणि खांबाकडे बघा.

ट्राय जिथे टेकवला त्याच्याच सरळ रेषेत मागे जाऊन वरची किक मारावी लागते, हे विसरू नका. म्हणून कोपऱ्यात ट्राय झाल्यावर नाचण्याआधी बघा, पळणाऱ्याला खांबांकडे वळायला वाव होता का. आणि ही किक मारणारा पुढे सरकला की बचाव करणारे धावून ती अडवू शकतात. २०२३च्या उपांत्यपूर्व फेरीत कोल्बने फ्रान्सच्या रामोसची अशी किक हाताने अडवली. आफ्रिका जिंकली २९-२८ने. दोन गुण गेले, एका गुणाने हरले.

कोचला कधी घालवायचं

एका सामन्यावरून कधीच नाही. बोर्थविकने २०२२च्या डिसेंबरात एडी जोन्सच्या जागी इंग्लंडची धुरा घेतली. पुढच्या मार्चमध्ये ट्विकनममध्ये, आपल्याच घरात, फ्रान्सने त्यांना ५३-१० असं धुतलं. ऑगस्टमध्ये तिथेच फिजीने हरवलं. भाच्याने तेव्हाच हकालपट्टी केली होती. दोनच महिन्यांनी तोच संघ विश्वचषकात तिसरा आला. मार्सेमधल्या पहिल्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला करीला शिक्षा म्हणून मैदानाबाहेर काढलं, चौदा जण उरले, आणि फोर्डने एकट्याने २७ गुण केले: सहा पेनल्टी, तीन ड्रॉप गोल. ड्रॉप गोल म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून, उसळता उसळता खांबांमधून मारणं. त्याला जुनाट म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. २०२५च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंड ०-१२ मागे होतं, मग एक ट्राय झाला, आणि मध्यंतराआधी फोर्डने असेच दोन मारून ११-१२ केलं. सामना ३३-१९ असा इंग्लंडने जिंकला.

कोचला तोलायचं तर बदली खेळाडू बघा. सामन्याच्या आत त्याला नवा निर्णय फक्त तिथेच घेता येतो. सातव्या माळेच्या त्या रात्री आफ्रिकेने एकतिसाव्या मिनिटाला आपला १० नंबर लिबोक काढून पोलार्ड आणला. दुखापत नाही, काही नाही. मध्यंतरसुद्धा झालं नव्हतं. असा अपमान करायला धाडस लागतं, आणि त्याच पोलार्डने सामना काढला. उलट राखीव पैलवानांनी शेवटी स्क्रम दाबला नसता तर ती पेनल्टी मिळालीच नसती. किकवर भांडताना स्क्रम विसरू नका. मी त्या रात्री स्क्रमच विसरले होते.

वेळ आणि खाणं

फेब्रुवारी-मार्चमधल्या सिक्स नेशन्सचे सामने आपल्याकडे संध्याकाळी पावणेआठ आणि रात्री सव्वादहाच्या सुमाराला पडतात. न्यूझीलंडमधले आपल्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला. रात्रीच्या सामन्याला लीलो चिवडा चालतो. सेव-उसळ नको, वहीवर तर्री सांडते.

नियमाची परीक्षा

२२ फेब्रुवारी २०२५, रात्री सव्वादहा. इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, कलकत्ता कपसाठी. हा कप आपल्या रुपयांचा आहे हे काकांना फार आवडतं. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला, आणि १८७९पासून हे दोन देश त्यासाठी खेळतात. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती.

स्कॉटलंडने दोन ट्राय केले होते, दोन्हींवरची रसेलची किक चुकली होती. इंग्लंडचा एकच ट्राय, पण पेनल्टी साधत गेल्या आणि ते १६-१० पुढे. शेवटाला व्हान डर मर्व्हने कडेला तिसरा ट्राय टेकवला. १६-१५. रसेल पुन्हा चेंडू मांडायला गेला, कडेवरून. साधली तर स्कॉटलंड.

काका म्हणाले, “लिहा. आत्ताच.”

मिनिटभराची घडी चालू होती. काकांनी चिठ्ठीवर लिहिलं: नाही, कोन तिरका, आणि आधीच्या दोन डोक्यात असणार. शेजारच्या भाईंनी गुजरातीत लिहिलं, पण आशय तोच. भाचा फोनवर म्हणाला, “मी बोलणार नाही, आत्या, अपशकुन होईल.” नियमाप्रमाणे मग त्याला आठवडाभर त्या किकवर बोलायची बंदी झाली. रसेलने पाऊल उचललं. चेंडू निघाला, वर चढला.

वहीच्या त्या पानावर शेवटच्या ओळीत, ८० या आकड्याच्या जरा वर, माझ्या अक्षरात अजून लिहिलेलं आहे: “जाईल.” पुढच्या रकान्यात काकांनी लाल पेनाने काढलेली फुली आहे.